घड्याळातली मध्यरात्र

“आई, तू सही करायची नाहीस! मी सांगते ना, करायची नाही म्हणजे नाही!”

ठिणगीचा आवाज एवढा चढला, की डबा घेऊन मागून येणारा प्रश्नोबा दारातच थबकला आणि त्याच्यामागची दुर्बीण त्याच्या पाठीवर आदळली.

सुट्टीचा दुसराच दिवस. तिघांचा बेत पक्का होता. आईला डबा पोचवायचा, तिथून थेट तलाव गाठायचा आणि संध्याकाळपर्यंत मनसोक्त हुंदडायचं. पण आई घड्याळं दुरुस्त करायची त्या दुकानाच्या मागच्या खोलीत पाऊल टाकताच ठिणगीला काय दिसावं? मॅनेजरसाहेब कमरेवर हात ठेवून उभे, टेबलावर टाइप केलेला एक कागद आणि आईच्या हातात पेन!

ठिणगीला ठिणगी का म्हणतात, हे तिला एकदा बोलताना ऐकलं की कुणालाही कळायचं. वय वर्षं बारा, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. प्रश्नोबा हा तिचा मामेभाऊ, दहा वर्षांचा; सुट्टीला आला होता आणि आल्यापासून त्यानं घरातल्या प्रत्येकाला किमान शंभर प्रश्न विचारले होते. दुर्बीण ही शेजारची मुलगी. जाड भिंगांचा चष्मा आणि डोकं सदा आभाळात! कोणता तारा कधी उगवतो हे तिला पाढ्यांसारखं पाठ होतं, पाढे मात्र पाठ नव्हते.

“ही तुमची मुलगी का बाई?” मॅनेजरसाहेबांनी भुवई उंचावली. त्यांच्या शर्टाची इस्त्री इतकी कडक असायची, की मुलांनी त्यांचं नावच इस्त्रीसाहेब ठेवलं होतं. “तिला सांगा, मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालू नकोस म्हणून.”

“कागदावर काय लिहिलंय?” ठिणगीनं तोंड घातलंच.

आईनं पेन खाली ठेवलं. तिचा चेहरा पार उतरला होता. “कप्तानसाहेबांचं घड्याळ बिघडलंय गं. तारीख आणि वार मध्येच अडकलेत. मी दुरुस्ती नीट केली नाही, असं लिहून द्यायचंय.”

“तू? आणि नीट केली नाहीस?” ठिणगीचा विश्वासच बसेना.

आता हे घड्याळ म्हणजे काय चीज होती, ते सांगायलाच हवं. जहाजावर चाळीस वर्षं काढलेल्या एका म्हाताऱ्या कप्तानाचं ते मनगटी घड्याळ. सेल नाही, वीज नाही, नुसती चावी द्यायची. पण त्या रुपयाएवढ्या तबकडीवर अख्खं आभाळ बसवलेलं! एका खिडकीत चंद्र रोज कलेकलेनं वाढायचा आणि घटायचा. वार, तारीख, महिना आपापले बदलायचे. कोणता महिना तीस दिवसांचा आणि कोणतं वर्ष लीप, हेसुद्धा त्याला ठाऊक! आणि कडेनं फिरायचा एक इवलासा सोन्याचा सूर्य. दिवसरात्रीत बरोबर एक फेरी. भर दुपारी बाराला तो निळ्या आकाशात अगदी माथ्यावर यायचा आणि मध्यरात्री काळ्या, चांदण्यांच्या अर्ध्या भागात तळाला जायचा. जगात अशी घड्याळं अकराच होती म्हणे, म्हणून ते दुकानातल्या प्रदर्शनात ठेवायचं ठरलं होतं. आईनं चार महिने एकेक तुकडा सुटा करून, पुसून, तेल देऊन ते पुन्हा जुळवलं होतं. त्या चार महिन्यांत घरात कुणी दारसुद्धा आपटायचं नाही, असा नियम होता!

“शुक्रवारी दुपारी तुम्ही ते माझ्या हातात दिलंत,” इस्त्रीसाहेब म्हणाले. “आज मंगळवार. सकाळी दहा वाजता मी ते प्रदर्शनाच्या पेटीत ठेवायला काढलं. घड्याळ चालू होतं. वेळ मिनिटाला मिनिट बरोबर! फक्त वार रविवार-सोमवारच्या मध्ये लटकलेला. याचा अर्थ काय? दुरुस्तीतच खोट!”

“पण तुम्ही त्याला...” प्रश्नोबानं सुरुवात केली.

“चार वाजता कप्तानसाहेब येताहेत. तोवर सही तयार ठेवा. आणि टेबलही आवरून ठेवा बाई. असल्या हातात आमच्या गिऱ्हाइकांची घड्याळं देता येणार नाहीत.”

साहेब निघून गेले. त्यांच्या बुटांचा टॉक टॉक आवाज बाहेरच्या फरशीवर विरला.

“आई, ते खोटं बोलताहेत!”

“आणि नसतील बोलत तर?” आई हळूच म्हणाली. “घड्याळ बंद पडलं असतं तर गोष्ट वेगळी. पण ते चालू आहे आणि वेळ बरोबर आहे. मग तारीख अडकलीच कशी? माझ्याच हातून काहीतरी राहिलं असेल, ठिणगे. चारशे तुकडे असतात. एखादा चुकतो माणसाच्या हातून.”

हे ऐकून मात्र ठिणगी हादरली. टेबल गेलं तर दुसरीकडे मिळेल. पण आईचा स्वतःवरचा विश्वासच गेला, तर तो कुठून आणायचा? अंधाऱ्या खोलीतसुद्धा नुसत्या बोटांनी स्क्रू ओळखणारी तिची आई आज स्वतःच्या हातांकडे परक्यासारखी बघत होती. ठिणगीचे डोळे भरून आले आणि त्यामुळे तर तिला आणखीनच राग आला.

“चला रे!” तिनं दोघांना खुणावलं. “आधी ते घड्याळ बघू.”

पुढचं दुकान म्हणजे नुसता झगमगाट! मधोमध उंच काचपेटी, आत मखमलीच्या उशीवर कप्तानांचं घड्याळ आणि कडेला पाटी, ‘कृपया हात लावू नये’. प्रदर्शन बघायला सकाळपासून माणसं येत होती. तिघांनी काचेला नाकं चिकटवली.

“डाग पडतील रे काचेवर!” काउंटरवरची ताई दबक्या आवाजात ओरडली.

“पुसू आम्ही,” ठिणगी म्हणाली. “काय गं दुर्बीण, दिसतंय काही?”

दुर्बिणीनं चष्मा वर केला, खाली केला, डोकं तिरकं केलं. “गंमतच आहे!”

“काय?”

“किती वाजलेत?”

“पावणेबारा. भिंतीवर एवढं मोठं घड्याळ आहे, दिसत नाही का?”

“आणि बाहेर ऊन आहे ना?”

“अगं, घाम निथळतोय! सरळ सांग की!”

“मग तो सूर्य काळ्या भागात काय करतोय?”

तिघंही वाकून बघू लागले. खरंच की! काटे म्हणत होते पावणेबारा. पण इवलासा सोन्याचा सूर्य चांदण्यांच्या मध्ये, जवळजवळ तळाला पोचला होता.

“म्हणजे... म्हणजे घड्याळाला वाटतंय की रात्रीचे पावणेबारा वाजलेत?” प्रश्नोबाचे डोळे विस्फारले.

“काटे काय, दिवसा पावणेबारा आणि रात्री पावणेबारा, सारखेच दिसतात,” दुर्बीण म्हणाली. “सूर्य थोडाच फसतोय!”

त्याच क्षणी सेकंदाचा काटा थरथरला. पुढे जाऊ की नको, असं त्यानं दोनदा केलं आणि तो थांबला. घड्याळ बंद!

“अगं बाई!” ताईनं तोंडावर हात ठेवला. “साहेबांना सांगायला हवं.” आणि ती केबिनकडे धावली.

तिघं उलट दिशेनं, आईकडे. ठिणगी धापा टाकत सगळं सांगत सुटली. आईनं आधी नुसती मान हलवली. मग ‘सूर्य तळाला’ हे शब्द ऐकले आणि ती ताडकन उभी राहिली.

“तळाला? नक्की तळाला?”

“काकू, मी आभाळाच्या बाबतीत चुकत नाही,” दुर्बीण ठणकावून म्हणाली.

आईनं खण उघडून आपली वही काढली. कुठलंही घड्याळ तिच्या टेबलावरून उठलं, की ते कोणत्या अवस्थेत गेलं हे ती या वहीत लिहायची आणि नेणाऱ्याची सही घ्यायची. शुक्रवारच्या पानावर तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘दुपारी बारा. चावी पूर्ण दिली, अठ्ठावन्न तास चालेल. वार, तारीख, चंद्र बरोबर. सूर्य माथ्यावर.’ खाली इस्त्रीसाहेबांची भलीमोठी, वेलांट्या काढलेली सही.

“आत्या, अठ्ठावन्न तास म्हणजे कधीपर्यंत?” प्रश्नोबानं विचारलं.

“मोज की,” आई म्हणाली. तिच्या आवाजात आता धार आली होती.

“शुक्रवार दुपारी बारा ते शनिवार दुपारी बारा, चोवीस. रविवार दुपारी बारा, अठ्ठेचाळीस. उरले दहा. म्हणजे... रविवारी रात्री दहा!”

“शाबास! रोज सकाळी चावी द्या, म्हणून मी साहेबांना बजावलं होतं. त्यांनी ती दिली नाही. रविवारी रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास घड्याळ तिजोरीत बंद पडलं. आज सकाळी साहेबांनी ते काढलं. काटे कुठे होते?”

“दहावर!” ठिणगी ओरडली. “आणि सकाळचेही दहाच वाजत होते! त्यांना वाटलं, वेळ बरोबर आहे!”

“त्यांनी नुसती चावी दिली आणि घड्याळ सुरू झालं. पण घड्याळाच्या लेखी अजून रविवारची रात्रच! वार मात्र मागे दिसला. मग साहेबांनी घड्याळाच्या कडेच्या खळीतलं, वार-तारीख पुढे न्यायचं बारीक बटण कशानं तरी दाबलं असणार. एकदा दाबलं की एक दिवस पुढे. पण रात्री नऊ ते पहाटे तीन ते दाबायचं नसतं, कधीच नाही! त्या वेळी आतली चाकं आपसूकच तारीख बदलायच्या तयारीत, एकमेकांत गुंतलेली असतात. मध्येच ढकललं की अडकतात आणि थोड्या वेळात अख्खं घड्याळच थांबतं. तो नियम खोलीतल्या वेळेचा नव्हे, घड्याळातल्या वेळेचा असतो!”

आईनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. “माझं काही चुकलं नव्हतं,” ती म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, “माझं काहीच चुकलं नव्हतं!”

“मग चल ना बाहेर! सांग त्यांना!”

“पुरावा त्या घड्याळातच आहे, ठिणगे. कुणी चावी ओढून काटे फिरवले, की सूर्यही फिरणार. मग माझा शब्द आणि त्यांचा शब्द! शिवाय आत्ता काटे जबरदस्तीनं फिरवले तर चाकाचा दातच तुटेल. असं चाक आता कुठे बनतही नाही.”

तेवढ्यात बाहेरून इस्त्रीसाहेबांचा आवाज आला, “पेटीची किल्ली आणा इकडे! जरा काटे हलवले की होईल सुरू!”

ठिणगीनं बाह्या सरसावल्या.

“आई, तू कप्तानांना फोन कर. आत्ताच या म्हणावं. प्रश्नोबा, तू सुरू हो!”

“काय विचारू?”

“आज पहिल्यांदाच तुला कुणी अडवणार नाही. वाट्टेल ते विचार! पण रोज चावी दिली का, हे विचारायला विसरू नकोस. आणि सगळ्यांसमोर विचार!”

ठिणगी पळत सुटली ती थेट काचपेटीसमोर जाऊन उभी राहिली. पाठ काचेला, दोन्ही हात पसरलेले. साहेब किल्ली घेऊन आले आणि जागीच थांबले.

“बाजूला हो.”

“नाही होणार!”

“हे दुकान आहे, तुमचं खेळाचं मैदान नव्हे!”

“म्हणूनच सांगतेय. कप्तान येईपर्यंत या घड्याळाला कुणी हात लावायचा नाही. पाटीवर तसंच लिहिलंय!”

प्रदर्शन बघायला आलेली माणसं वळून बघू लागली. एक आजोबा चक्क हसले. साहेबांचे कान लाल झाले. आणि नेमकं तेव्हाच प्रश्नोबा पुढे सरसावला.

“काका, या घड्याळाला सेल कुठे बसवतात?”

“सेल नसतो याला,” साहेब दातओठ खात, पण गिऱ्हाइकांसाठी गोड आवाजात म्हणाले.

“मग ते चालतं कसं?”

“चावी देऊन.”

“कोण देतं?”

“मी देतो!”

“रोज?”

“अर्थात रोज!”

“सोमवारी दुकान बंद असतं, तरीही?”

“सुट्टी असूनही मी खास आलो होतो! माझं काम मी चोख करतो!”

“म्हणजे शुक्रवारपासून ते एकदाही बंद पडलं नाही?”

“एकदाही नाही! आता कळलं का? बंद पडलं ते आज, खराब दुरुस्तीमुळे!”

“तुम्ही कुठलं बटण वगैरे दाबलंत का?”

“मी कशाला दाबू? चावीशिवाय बोटसुद्धा लावलेलं नाही!”

“आईशप्पथ?”

जमलेल्या माणसांत खसखस पिकली. “पुरे झालं!” साहेब कडाडले आणि त्यांनी ठिणगीचा हात धरला. “हो बाजूला, नाहीतर पोलिसांना बोलावतो!”

आता खरं सांगायचं तर ठिणगी मनातून घाबरली होती. पण ती तसूभरही हलली नाही.

“बोलवा! मीही त्यांना हेच सांगेन. माझ्या आईनं चूक केलेली नाही आणि तुम्ही तिच्याकडून खोट्यावर सही मागताय!”

“तिचा हात सोडा, साहेब.”

आई दारात उभी होती. डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलेलं, वही छातीशी. सहा वर्षांत कामाच्या वेळी ती कधी पुढच्या दुकानात आली नव्हती. मागच्या माणसांनी मागेच राहायचं, असा इथला रिवाज होता. आज ती सरळ चालत आली आणि ठिणगीच्या शेजारी, काचेला पाठ लावून उभी राहिली. दुसऱ्या बाजूला दुर्बीण येऊन चिकटली. साहेबांच्या हातातली किल्ली हातातच राहिली.

ते किती वेळ तसे उभे होते, ठिणगीला सांगता आलं नसतं. वीस मिनिटं असतील. साहेबांनी दोनदा धमकावलं, एकदा समजावलं. प्रश्नोबानं या काळात त्यांना आणखी सतरा प्रश्न विचारले.

मग दार उघडलं आणि पांढऱ्या दाढीचे, ताठ कण्याचे कप्तान आत आले. त्यांना बघताच साहेब पुढे धावले. “माफ करा कप्तानसाहेब, आमच्या बाईंनी दुरुस्तीत...”

“थांबा,” कप्तान म्हणाले. “फोनवर बाईंनी मला एवढंच सांगितलं, की या आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आधी बघू द्या.”

ते काचेवर वाकले. मग त्यांनी बाहेर, रस्त्यावरच्या लख्ख उन्हाकडे पाहिलं.

“हे थांबलं केव्हा?”

“पावणेबाराला!” तिघं एका सुरात ओरडले. “आमच्यासमोर!”

“मीही बघत होते,” काउंटरवरची ताई म्हणाली.

“दिवसाच्या पावणेबाराला माझा सूर्य मध्यरात्रीच्या घरात? मॅनेजर, हे मध्ये कधी बंद पडलं होतं का?”

“नाही... म्हणजे... नाही,” साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. “शुक्रवारपासून सलग चालू...”

“हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलंय,” प्रश्नोबा म्हणाला. “मी विचारलं होतं!”

“सलग चालू असतं तर सूर्य आत्ता माथ्यावर असता,” आई म्हणाली. “मी ते दिलं तेव्हा तो माथ्यावर होता. हे पान बघा. खाली सही कुणाची आहे, तीही बघा.”

कप्तानांनी वही वाचली. साहेबांनी मान लांब करून तीच ओळ वाचली, बहुधा पहिल्यांदाच.

“अठ्ठावन्न तास म्हणजे रविवारी रात्री दहा,” ठिणगी म्हणाली. “तेव्हा ते बंद पडलं. आज सकाळी दहाला यांनी चावी दिली आणि काटे जुळतात म्हणून खूश झाले. मग वार पुढे न्यायला बटण दाबलं. घड्याळाच्या रात्री! माझी आई सांगते, तेव्हा ते कधीही दाबायचं नसतं!”

“मी काही दाबलेलं नाही! त्याला बारीक टोकाचं काहीतरी लागतं, ते माझ्याकडे...”

“अय्या, साहेब!” काउंटरवरची ताई एकदम म्हणाली. “म्हणून सकाळी माझं कानातलं मागितलंत होय? मला वाटलं, तुम्हाला डिझाइन आवडलं!”

दुकानात हास्याचा असा काही कल्लोळ उडाला, की काचेची कपाटं थरथरली. इस्त्रीसाहेबांच्या कॉलरची इस्त्री घामानं पार उतरली होती. त्यांनी त-त-प-प केलं, रुमाल काढला, पुन्हा खिशात घातला. शेवटी ते जमिनीकडे बघत म्हणाले, “चावी द्यायचं... राहून गेलं माझं. दाबलं मी. वाटलं, आपोआप पुढे जाईल.”

“विसरणं समजू शकतो,” कप्तान म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. “जहाजावर माझ्याही माणसांच्या चुका झाल्या. पण स्वतःची चूक दुसऱ्याच्या नावावर टाकणाऱ्याला मी कधी पुढच्या बंदरापलीकडे नेलं नाही. बाई, घड्याळ दुरुस्त होईल?”

“दात शाबूत असेल तर आजच होईल. तो तुटायचा वाचला, तो या मुलांनी काटे फिरवू दिले नाहीत म्हणून.”

“मग ते तुमच्याच हातात जाईल, दुसऱ्या कुणाच्या नाही.”

“जाईल,” आई म्हणाली, “पण मागच्या खोलीत नाही. माझ्यावर आळ सगळ्यांसमोर आला. काम सगळ्यांसमोर होईल. ताई, ते पुढचं टेबल रिकामं करून देता? आणि साहेब, तो टाइप केलेला कागद मी आणलाय. त्याच्या मागच्या बाजूला काय झालं ते लिहा. तुमच्या अक्षरात.”

आई असं बोलू शकते, हे ठिणगीला ठाऊकच नव्हतं!

साहेबांनी लिहिलं. कप्तानांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मग मुलांकडे वळले. “सूर्य कुणाला दिसला आधी?”

“मला,” दुर्बीण लाजून म्हणाली.

“चाळीस वर्षं मी आभाळ बघून जहाज हाकलं. तू माझ्या जहाजावर असतीस तर मी निवांत झोपलो असतो. आणि प्रश्न विचारणारे महाशय?”

“मी! पण कप्तान आजोबा, जहाजाला ब्रेक असतो का?”

“सांगतो, सांगतो! आणि ही, पेटी अडवून उभी राहिलेली...” ते ठिणगीकडे बघत राहिले. “भीती नाही वाटली?”

“खूप वाटली,” ठिणगी म्हणाली. “पण आई सही करणार होती, त्याची जास्त वाटली.”

आईनं पुढच्या टेबलावर पांढरा कपडा पसरला होता. दिवा ओढला, हात पुसले, भिंग डोळ्यावर घेतलं. भोवती माणसांचं कोंडाळं झालं होतं, पण तिचा हात जराही कापत नव्हता. घड्याळाचं मागचं झाकण उघडून तिनं आत डोकावलं आणि एकेक चाक निरखलं.

“दात शाबूत आहे,” आई म्हणाली. मग मान वर न करता तिनं डावा हात लांब केला, ठिणगीला जवळ ओढलं आणि उजव्या हातानं चिमटा उचलला.